डोर्नकलचे बिशप अझरिया : ‘सहायक’ पदाच्या पलीकडे

निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा जुना नकाशा समोर ठेवला, तर पश्चिमेला अहमदनगरच्या ब्रिटिश हद्दीला टेकलेला बीड जिल्हा दिसतो आणि पूर्वेला, वरंगळहून बेजवाड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, डोर्नकल नावाचे एक छोटे जंक्शन दिसते. एकाची बोली मराठी, दुसऱ्याची तेलुगू. पण राज्य एकच, महसुलाची पद्धत एकच आणि गावकुसाबाहेरच्या माणसाचे जिणेही जवळपास एकसारखेच. यातील डोर्नकल १९१२ साली अँग्लिकन ख्रिस्ती जगतात एकाएकी प्रसिद्धीस आले. इंग्लंडच्या चर्चने तोवर एकाही भारतीयाला बिशप केले नव्हते. तो मान ज्या ३८ वर्षांच्या तमिळ धर्मगुरूला मिळाला, त्याला बसण्यासाठी आसन मिळाले ते निजामाच्या राज्यातील या आडबाजूच्या गावी. त्याचे नाव वेदनायगम सॅम्युअल अझरिया.

भारतीय माणूस धर्मगुरू होऊ शकतो, उपदेश करू शकतो, मिशनच्या हाताखाली आयुष्यभर राबू शकतो. पण तो इंग्रज धर्मगुरूंचा वरिष्ठ होऊ शकतो काय, हा त्या काळी वादाचा प्रश्न होता. या प्रश्नाला बगल देण्यासाठी चर्चपाशी एक जुना, सोयीचा मार्ग होता, तो म्हणजे ‘सहायक बिशप’. अझरिया यांचे चरित्र समजून घ्यायचे, तर हे सहायकपद म्हणजे काय, हे आधी पाहावे लागते.

अव्वल आणि दोयम

अँग्लिकन परंपरेत एका धर्मप्रांताचा प्रमुख एकच बिशप असतो. नव्या धर्मगुरूंना दीक्षा देणे, बाप्तिस्मा झालेल्यांच्या मस्तकी हात ठेवून त्यांची श्रद्धा दृढ करणे आणि सगळ्या मंडळ्यांवर देखरेख ठेवणे, ही त्याची मुख्य कामे. प्रांत मोठा असला की एकट्याला ते पेलत नाही. मग त्याच्या हाताखाली दुसरा बिशप नेमला जातो. इंग्लंडमध्ये त्याला ‘सफ्रगन’ म्हणतात. आठव्या हेन्रीच्या राजवटीत, १५३४ साली, अशा बिशपांसाठी स्वतंत्र कायदाच झाला आणि त्यांनी कोणकोणत्या नगरांच्या नावाने पद धारण करावे, हेही ठरवून देण्यात आले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही प्रथा मागे पडली आणि १८७० मध्ये डोव्हर आणि नॉटिंगहॅम येथील नेमणुकांनी पुन्हा सुरू झाली.

निजामी कारभार पाहिलेल्या मराठवाड्याला हा भेद समजणे अवघड नाही. जिल्ह्याला एक अव्वल तालुकदार आणि त्याच्या हाताखाली दोयम तालुकदार, अशी आपल्याकडे रचना होती. फरक एवढाच की, धर्मविधीच्या दृष्टीने सफ्रगन मुळीच दोयम नसतो. त्याचा अभिषेक प्रमुख बिशपासारखाच होतो आणि तोही धर्मगुरूंना दीक्षा देऊ शकतो. त्याच्यापाशी नसते ती सत्ता. स्वतःचा प्रांत नसतो. प्रमुख बिशप जेवढे सोपवील तेवढेच त्याचे अधिकारक्षेत्र. पदाची प्रतिष्ठा पूर्ण, अधिकार मात्र उसना, अशी ही स्थिती असते.

हिंदुस्थानात या पदाला आणखी एक छटा आली. येथील अँग्लिकन चर्च आरंभी आले ते कंपनीच्या चाकरांसाठी आणि गोऱ्या शिपायांसाठी. १८१४ मध्ये कलकत्त्याला पहिला बिशप आला, १८३५ मध्ये मद्रासला आणि १८३७ मध्ये मुंबईला. ही पदे राजसत्तेशी कायद्याने जोडलेली होती. मद्रासचा प्रांत तर अवाढव्य होता. म्हणून १८७७ साली तिरुनेलवेली भागासाठी रॉबर्ट कॉल्डवेल आणि एडवर्ड सार्जंट या दोन ज्येष्ठ मिशनऱ्यांना मद्रासच्या बिशपांचे सहायक म्हणून अभिषेक झाला. द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण लिहिणारे कॉल्डवेल ते हेच. दोघांनाही स्वतःचा धर्मप्रांत असा मिळाला नाही. ते दोघे निवर्तल्यावर, १८९६ मध्ये, तिरुनेलवेलीचा वेगळा प्रांत झाला आणि त्यावर इंग्रजच बिशप नेमला गेला. तोवर तेथील ख्रिस्ती मंडळी अनेक पिढ्यांची झाली होती, तिच्यात भारतीय धर्मगुरूंची वाण नव्हती. तरीही त्या पदासाठी भारतीय माणसाची निवड झाली नाही.

आफ्रिकेचा अनुभवही असाच बोलका होता. गुलामगिरीतून सुटलेले सॅम्युअल क्राउदर १८६४ मध्ये पहिले आफ्रिकी अँग्लिकन बिशप झाले. पण उतारवयात तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी त्यांच्या कारभारावर झोड उठवली. १८९१ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या जागी गोरा बिशप आला आणि आफ्रिकी धर्मगुरूंना पुढे दीर्घकाळ सहायक बिशपपदावरच समाधान मानावे लागले. क्राउदर यांची कहाणी हिंदुस्थानातील इंग्रज धर्माधिकाऱ्यांना ठाऊक होती. अझरिया यांचे नाव पुढे आले, तेव्हा अनेकांच्या मनात तीच घोळत होती.

तिरुनेलवेलीचा मुलगा

कॉल्डवेल आणि सार्जंट यांचा अभिषेक झाला, तेव्हा अझरिया जेमतेम अडीच वर्षांचे होते. त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तिरुनेलवेली भागातील वेल्लालनविलै या खेड्यात झाला. वडील थॉमस वेदनायगम हे गावचे अँग्लिकन धर्मगुरू. बरीच वर्षे वाट पाहिल्यावर झालेला मुलगा म्हणून आईने बायबलमधील कथेप्रमाणे त्याचे नाव सॅम्युअल ठेवले. घराणे नाडर जातीचे. ताडाच्या झाडावर चढून रस काढणे हा या जातीचा परंपरागत व्यवसाय होता आणि त्यामुळे उच्चवर्णीय समाजात तिला हीन लेखले जाई. कॉल्डवेल यांनी १८४९ मध्ये या जातीवर लिहिलेल्या पुस्तिकेतील वर्णनाने नाडर समाज दीर्घकाळ दुखावलेला होता. मिशनऱ्याच्या शाळेत शिकायचे, त्याच्या कृपेबद्दल कृतज्ञ राहायचे आणि त्याच वेळी त्याच्या लेखणीतून उमटलेली आपली प्रतिमा सहन करायची, असा पेच त्या पिढीपुढे होता.

वडील १८८९ मध्ये गेले. आईने मुलाला शिकवले. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात अझरिया शिकले खरे, पण पदवी त्यांच्या हाती आली नाही. पुढे बिशपपदाचा वाद झाला, तेव्हा विरोधकांनी या गोष्टीकडेही बोट दाखवले. १८९५ मध्ये ते वाय.एम.सी.ए.चे चिटणीस झाले आणि पुढील चौदा वर्षे तरुणांमध्ये काम करीत दक्षिण भारत फिरले. शेरवुड एडी या अमेरिकी सहकाऱ्याशी त्यांची जिवाभावाची मैत्री जमली ती याच काळात. १८९८ मध्ये अन्बु यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे डोर्नकलच्या कामात, विशेषतः स्त्रियांच्या शिक्षणात, अन्बु यांचा वाटा मोठा राहिला.

अझरिया यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते १९०२ मध्ये, श्रीलंकेतील जाफना येथे. तेथील तमिळ ख्रिस्ती लोक स्वतःच्या पैशाने, स्वतःची माणसे पाठवून धर्मकार्य चालवतात, हे त्यांनी पाहिले. तिरुनेलवेलीची मंडळी त्याहून कितीतरी मोठी. पण ती सर्वस्वी विलायतेच्या तोंडाकडे पाहणारी. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. १९०३ मध्ये त्यांनी ‘इंडियन मिशनरी सोसायटी ऑफ तिन्नेवेल्ली’ स्थापन केली. पैसा, माणसे आणि कारभार सारे भारतीयांचे, हे तिचे सूत्र. १९०५ च्या नाताळात बंगालमधील श्रीरामपूर येथे ‘नॅशनल मिशनरी सोसायटी’ स्थापन झाली, तिच्या उभारणीतही ते अग्रभागी होते. वंगभंगाचे आणि स्वदेशीचे ते वर्ष. देशात स्वदेशी कापडाची हाक उठली असताना धर्मकार्यही स्वदेशी असावे, असे या तरुण मंडळींना वाटले, यात नवल नाही.

अशीच भूक मराठी मुलखातही होती. अहमदनगरच्या परिसरात आयुष्य वेचलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक हे वेगळ्या पंथाचे, अमेरिकन मराठी मिशनचे. पण ख्रिस्ती भक्ती अभंग-कीर्तनाच्या वाटेने मराठी व्हावी, हा त्यांचा ध्यास होता आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तो याच ओढीने. टिळकांनी संस्थेबाहेर पाऊल टाकले. अझरिया संस्थेतच राहिले आणि तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर भारतीयाला जागा आहे काय, याची कसोटी त्यांच्या निमित्ताने लागली.

तिरुनेलवेलीच्या सोसायटीने कामासाठी निवडलेला मुलूख होता निजामाच्या राज्यातील डोर्नकलचा. दुसऱ्यांना तिकडे पाठवायचे आणि आपण मद्रासेत राहायचे, हे अझरिया यांच्या मनाला पटेना. १९०९ मध्ये वाय.एम.सी.ए.चे चांगले पद सोडून त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली, तेलुगू शिकले आणि डोर्नकलला जाऊन राहिले.

एडिंबरोची संध्याकाळ

जून १९१० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेहून अधिक प्रतिनिधी जमले होते. त्यांत आशियाई माणसे वीससुद्धा नसतील. त्यांत अझरिया एक होते. परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांच्या सहकार्याचा प्रश्न, हा त्यांना दिलेला विषय. असल्या व्यासपीठावर पाहुण्याने आभाराचे चार शब्द बोलावेत, अशी अपेक्षा असते. अझरिया यांनी मात्र शांतपणे एकेक उदाहरण देत सांगितले की, हिंदुस्थानात मिशनरी आणि भारतीय कार्यकर्ता यांच्यामध्ये मालक आणि नोकर असे नाते आहे. वर्षानुवर्षे एकत्र काम करूनही भारतीय सहकाऱ्याच्या घरी न गेलेले, त्याला आपल्या घरी जेवायला न बोलावलेले मिशनरी आहेत. तुम्ही गरिबांसाठी सर्वस्व दिलेत, देहही झिजवलात, हे खरे. आता आम्हाला मैत्री द्या, असा त्यांच्या भाषणाचा समारोप होता.

सभागृहात अस्वस्थता पसरली. काही मिशनरी संतापले, काहींना हे भाषण कृतघ्नपणाचे वाटले. पण त्या परिषदेतील शेकडो भाषणांपैकी शंभर वर्षांनंतरही ज्याची आठवण सर्वाधिक काढली गेली, ते हेच भाषण होय. या भाषणात कडवटपणा कमी आणि व्यवहार अधिक होता. एका पंगतीला बसणे हा सत्तेचा प्रश्न आहे, हे जातिव्यवस्थेत वाढलेल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

एका नेमणुकीची कसरत

मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड हे तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचे बंधू. दक्षिणेतील ग्रामदेवतांवर पुस्तक लिहिण्याइतके त्यांचे खेड्यांकडे लक्ष होते. तेलुगू प्रदेशात अस्पृश्य समाजाची गावेच्या गावे ख्रिस्ती होत असताना त्यांच्यासाठी भारतीय बिशप हवा, असे त्यांचे ठाम मत झाले आणि त्यांनी अझरिया यांचे नाव पुढे केले.

विरोध दोन्हीकडून झाला. युरोपीय मिशनऱ्यांपैकी कित्येकांना भारतीय वरिष्ठाची कल्पनाच रुचत नव्हती. माणूस तरुण आहे, पदवीधर नाही, धर्मगुरू होऊन पुरती चार वर्षेही झाली नाहीत, अशी कारणे पुढे आली. तिरुनेलवेलीतील काही ख्रिस्ती मंडळींनीही निषेध नोंदवला. नाडर जातीचा बिशप त्यांच्यातील वरच्या जातींना नको होता. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघतेच असे नाही, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

मग जो तोडगा निघाला, तो पाहण्यासारखा आहे. अझरिया यांना डोर्नकल या नव्या, लहानशा धर्मप्रांताचे बिशप करण्यात आले आणि त्याच वेळी मद्रासच्या बिशपांचे सहायक म्हणूनही त्यांच्याकडे काम सोपवण्यात आले. डोर्नकलचा प्रांत म्हणजे निजामाच्या राज्याचा आग्नेय कोपरा. तो ब्रिटिश हद्दीबाहेर असल्यामुळे जुन्या बिशपपदांचा कायदेशीर गुंता तिथे तेवढा जाचत नव्हता. शिवाय तेथे युरोपीय मिशनरी फारसे नव्हते; साहजिकच भारतीय बिशपाच्या हाताखाली इंग्रज धर्मगुरू, हा नाजूक प्रसंग टळत होता. एका हाताने स्वतंत्र प्रांत आणि दुसऱ्या हाताने सहायकपद, अशी ही कसरत होती. व्हाइटहेड यांनी मात्र एवढ्या फटीतून दार उघडून घेतले.

२९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये मेट्रोपॉलिटन बिशप कॉपलस्टन यांच्या हस्ते अझरिया यांचा अभिषेक झाला. त्याच्या सहाच दिवस आधी दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बॉम्ब पडला होता. साम्राज्याविषयीचा क्षोभ एकीकडे उफाळत असताना दुसरीकडे त्याच साम्राज्याच्या चर्चमध्ये एक भारतीय मनुष्य बिशपाच्या आसनापर्यंत पोहोचला होता.

गावकुसाबाहेरचा धर्मप्रांत

डोर्नकलला ना भव्य कॅथीड्रल होते, ना सधन मंडळी. अझरिया यांची प्रजा होती ती मुख्यतः माला आणि मादिगा या अस्पृश्य जातींची. आपल्याकडील महार आणि मांग समाजांशी त्यांच्या स्थितीचे बरेच साम्य. वेठबिगार, सावकाराचे कर्ज, गावच्या विहिरीची बंदी, सारे तेच. बैलगाडीतून मैलोन्‌मैल प्रवास करीत हा बिशप त्यांच्या वस्त्यांत मुक्काम करी. अस्वच्छता, रोगराई, कर्ज आणि दारू हे खेड्याचे चार वैरी आहेत, असे तो मानी आणि धर्मोपदेशाइतकेच महत्त्व त्यांच्याशी लढण्याला देई.

त्यांच्या कामाचा कणा होता गावातील शिक्षक. तो वस्तीतच राहायचा. दिवसा मुलांची शाळा घ्यायचा आणि रात्री कामावरून परतलेल्या थोरांची प्रार्थना चालवायचा. त्याच्या पत्नीलाही शिक्षण दिले जाई, कारण स्त्रियांपर्यंत तीच पोहोचू शकत असे. निवडक शिक्षकांना पुढे धर्मगुरूपदासाठी तयार करण्यात येई. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या पायरीखाली उभे होते, त्यांच्यातूनच धर्मगुरू निर्माण होऊ लागले. बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या मस्तकावर हात ठेवून, आपण ही वार्ता इतरांना सांगू, अशी शपथ घ्यावी, असा अझरिया यांचा प्रघात होता. वर्षातील ठरावीक आठवड्यांत गावेच्या गावे शेजारच्या वस्त्यांत जाऊन साक्ष देत. तेलुगू चालीवरची गीते उपासनेत आली.

दानाविषयी ते आग्रही होते. गरीब माणूस घेणाराच असतो, ही समजूत त्यांना अपमानास्पद वाटे. रोजच्या स्वयंपाकातून मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची रीत स्त्रियांमध्ये रुजली आणि त्या मुठीमुठीतून मंडळ्यांचा खर्च निघू लागला. ख्रिस्ती दानधर्मावरील त्यांचे पुस्तक पुढे अनेक भाषांत गेले. परावलंबी मंडळी कधीच स्वतंत्र बिशप मागू शकणार नाही, हे त्यांनी जाफन्यात ओळखले होते.

परिणाम दिसू लागला. १९२० च्या दशकाच्या आरंभी कृष्णा-गोदावरीकाठच्या तेलुगू जिल्ह्यांचा मोठा भाग डोर्नकलच्या प्रांतात आला. जेथे युरोपीय मिशनरी काम करीत होते, असाच हा भाग. म्हणजे जो प्रसंग टाळण्यासाठी १९१२ ची कसरत झाली होती, तो काही वर्षांतच समोर उभा राहिला आणि फारशी खळबळ न होता पारही पडला. अझरिया यांच्या कारकिर्दीत सुमारे दोन लाख लोक या धर्मप्रांतात सामील झाले. १९२० मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १९२९ पासून अखेरपर्यंत ते भारतातील ‘नॅशनल ख्रिश्चन कौन्सिल’चे अध्यक्ष होते.

पण सारेच उजळ नव्हते. माला आणि मादिगा यांच्यातील दुरावा चर्चमध्येही शिल्लक राहिला आणि बिशपांच्या साऱ्या आग्रहाला तो पुरून उरला. अस्पृश्यांची मंडळी म्हणून सवर्ण ख्रिस्ती तिच्याकडे परकेपणाने पाहत. अझरिया स्वभावाने कडक शिस्तीचे होते. त्यांचा धाक जसा होता, तशी त्याबद्दलची कुरकुरही होती.

येवला, वर्धा आणि डोर्नकल

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू धर्म त्यागण्याची घोषणा केली आणि सामुदायिक धर्मांतराचा प्रश्न देशभर ऐरणीवर आला. ज्या माणसाच्या धर्मप्रांतात असे धर्मांतर तीन दशके चालले होते, तो साहजिकच चर्चेच्या मध्यभागी आला. वर्ध्याजवळ मुक्काम असलेल्या महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून सामुदायिक धर्मांतरावर कठोर टीका केली, अझरिया यांच्या कार्याबद्दलही त्यांनी तीव्र नापसंती दर्शवली. अज्ञ, गरीब माणसांना धर्म कळून सवरून बदलता येतो काय, हा गांधींचा सवाल होता. अझरिया यांची भूमिका अशी की, शतकानुशतके ज्यांना काहीच निवडू दिले नाही, त्यांची निवड अज्ञानाची म्हणून नाकारणे हाही अन्यायच आहे. दोघेही खेड्यांत रमणारे, दोघेही साधे राहणारे, दोघेही अस्पृश्यतेचे वैरी. पण या मुद्द्यावर त्यांचे जुळले नाही.

मात्र अझरिया यांना इंग्रजधार्जिणे ठरवणे चूक ठरेल. १९३२ च्या जातीय निवाड्याच्या वेळी भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी स्वतंत्र मतदारसंघ नकोत, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले होते. ख्रिस्ती मंडळी ही राजकीय जमात होऊन राहिली तर ती धर्म गमावून बसेल, असे त्यांना वाटे. आंबेडकरांनी अखेर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ते पाहायला अझरिया हयात नव्हते. तथापि अस्पृश्यांना माणूस म्हणून उभे राहण्यासाठी धर्म बदलावासा का वाटतो, हा प्रश्न डोर्नकलच्या वस्त्यांत आणि येवल्याच्या मैदानात एकच होता.

चर्चमधील फूट हे त्यांचे दुसरे मोठे शल्य. एकाच खेड्यात अँग्लिकन, मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट अशा विलायती नावांच्या भिंती कशासाठी, असे ते विचारीत. मे १९१९ मध्ये तरंगमबाडी येथे तेहतीस जणांच्या सभेत दक्षिण भारतातील चर्चच्या एकीकरणाची हाक देण्यात आली, तिचे ते प्रमुख प्रवर्तक. तेथे पेच पुन्हा बिशपपदाचाच होता, कारण काही पंथांना बिशप ही संस्थाच मान्य नव्हती. बिशप असावा, पण तो राजासारखा नव्हे तर नियमांनी बांधलेला असावा, ही तडजोड पुढे मान्य झाली. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ अस्तित्वात आले. उत्तर आणि पश्चिम भारतात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातही, असे एकीकरण व्हायला २९ नोव्हेंबर १९७० उजाडावे लागले. तो समारंभ नागपूरला झाला.

बत्तीस वर्षांचा एकटेपणा

६ जानेवारी १९३९ रोजी डोर्नकलच्या कॅथीड्रलचे समर्पण झाले. अनेक वर्षे पैशाअभावी रखडत रखडत ते उभे राहिले होते. देवळासारखे खांब, मशिदीसारखे घुमट आणि आत ख्रिस्ती वेदी, अशी त्याची घडण. निजामाच्या राज्यातील तिन्ही परंपरा त्या दगडांत एकत्र आल्या. त्याच आवारात, १ जानेवारी १९४५ रोजी निधन पावलेल्या या बिशपांची समाधी आहे. हे गाव आता तेलंगणाच्या महबूबाबाद जिल्ह्यात येते.

अझरिया यांना मिळालेल्या सन्मानांची यादी लांब आहे. पण एक गोष्ट त्या यादीत मावत नाही. १९१२ मध्ये ते स्वतःचा धर्मप्रांत असलेले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले आणि १९४५ मध्ये वारले, तेव्हाही असे ते एकटेच होते. इतर काही भारतीय या काळात बिशप झाले ते सहायक म्हणून. मराठी मुलखातील उदाहरण घ्यायचे, तर अहमदनगर भागात काम केलेले इंग्रज मिशनरी फिलिप लॉइड १९२५ मध्ये मुंबईचे सहायक बिशप झाले आणि चारच वर्षांनी, १९२९ मध्ये, नव्या नाशिक धर्मप्रांताचे पहिले बिशप. इंग्रजाला सहायकपद ही पायरी ठरे. भारतीयाला ती बहुधा शेवटची पायरी असे. अझरिया यशस्वी झाले म्हणून दार सताड उघडले, असे झाले नाही. उलट, एक भारतीय बिशप आहे ना, मग आणखी कशाला, असेच जणू चर्चने मानले.

या कथेतील सर्वांत बोलकी नोंद १९३५ सालची आहे. डोर्नकलचा पसारा एकट्याला आवरेनासा झाला, तेव्हा तेथेही सहायक बिशप नेमावा लागला. ते होते अँथनी एलियट, एक युरोपीय मिशनरी. जो माणूस इंग्रज बिशपांचा सहायक म्हणून कसाबसा स्वीकारला गेला होता, त्याच्याच हाताखाली तेवीस वर्षांनी गोरा सहायक आला. अझरिया यांच्यानंतर डोर्नकलच्या आसनावर बसले तेही एलियटच. भारतीय बिशपाचा वारस भारतीय असावा, एवढी तयारी चर्चने ३२ वर्षांत केली नव्हती.

म्हणून अझरिया यांचे मोठेपण केवळ पहिलेपणात शोधू नये. पहिला होण्याचा मान व्हाइटहेड यांच्यासारख्या हितचिंतकाने मिळवून दिला, असे कुणी म्हणू शकेल. त्यानंतरची तीन दशके, हाती आलेला कोपरा बैलगाडीने फिरून मोठा करण्याचे काम मात्र त्यांचे स्वतःचे. मूठभर तांदूळ बाजूला काढणाऱ्या बायका, वस्तीत रात्रीची शाळा भरवणारे शिक्षक आणि गावकुसाबाहेरून आलेले धर्मगुरू, ही त्यांनी मागे ठेवलेली मंडळी. १९४७ नंतर दक्षिणेत भारतीय बिशप ही सामान्य गोष्ट होऊ लागली, ती या मंडळींच्या बळावर.